गुरुवारचा भाव

माझ्या सासऱ्यांनी काढलेल्या आलेखाची गुंडाळी अजून माझ्या ट्रंकेत आहे. इंजिनं बनवणाऱ्या एका कंपनीच्या शेअरचा रोजचा भाव, चौकडीच्या कागदावर निळ्या पेन्सिलीने मांडलेला. कागद संपला की खळ लावून पुढचा जोडायचा. उलगडली तर ओसरी पुरत नाही. एखाद्या जाणकाराने पाहिली तर तो चक्रावून जाईल, कारण या कंपनीचा भाव दर आठवड्याला एक दिवस जागचा हलत नाही. त्याचं कारण कंपनी नाही, मी आहे.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हा मी लग्न होऊन तासगावजवळच्या या गावात आले. नवरा फौजेत, दूर सीमेवर. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तोफखान्यातून हवालदार होऊन निवृत्त झालेले. कुणा साहेबाच्या सल्ल्याने त्यांनी त्या कंपनीचे थोडे शेअर घेतले होते. आमच्या विहिरीवरचं इंजिनही त्याच कंपनीचं, त्यामुळे ते स्वतःला कंपनीचे मालक समजत. इंजिन बंद पडलं की मात्र मालकपणा विसरून शिव्या घालत.

मॅट्रिक झालेली सून घरात आली याचा आनंद सासूबाईंपेक्षा त्यांनाच जास्त झाला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पेन्सिलीची जाड रेघ दिसायची, पेपरातले मुंगीएवढे आकडे दिसत नव्हते. तीनच्या एसटीने पेपर आला की मी ओसरीवर बसून भाव वाचायचा. एक भाव नव्हे, चार. उघडला कितीला, चढला किती, उतरला किती, बंद कितीला झाला. प्रत्येक आकडा मी सांगायचा, त्यांनी खड्या आवाजात परत म्हणायचा, मी "बरोबर" म्हणायचं आणि मगच टिंब पडायचं. तोफखान्याची शिस्त! अर्धा तास सहज जायचा.

एरवी माझी ना नव्हती. पण गुरुवारी आमच्या गावचा बाजार, आणि त्या बाजाराला कुंडलहून माझी आई यायची. निमित्त लसणाचं. कुंडलला काय लसूण मिळत नव्हता? पण लेकीच्या सासरी दर आठवड्याला आई येते म्हटल्यावर लोक काय म्हणतील, म्हणून ती घरी न येता लसणाच्या पाटीजवळ उभी राहायची. तिची परतीची गाडी चारला. तीनला पेपर, साडेतीनपर्यंत टिंबं, मग मी पिशवी घेऊन धावत सुटायची. आईशी दोन शब्द बोलते न बोलते तोच कंडक्टर घंटी मारायचा. एका गुरुवारी मी पोचले तर गाडी निघून गेली होती. पाटीवाल्या बाईने आईने ठेवलेले चार लाडू माझ्या हातात दिले. मी तिथेच रडले.

पुढच्या गुरुवारी मामंजींनी पेन्सिल उचलून विचारलं, "हं, आज काय म्हनतंय?"

पेपर न उघडताच मी म्हटलं, "कालचाच हाय, मामंजी. चारी आकडे तेच."

"बरं," म्हणून त्यांनी टिंब ठेवलं. मी तीन वाजून पाच मिनिटांनी बाजारात होते. त्या दिवशी आई आणि मी पोटभर बोललो. मग काय, सोकावलेच. दिवाळीपासून पुढचे सगळे गुरुवार कालच्याच भावाचे झाले.

चैत्रात एका सकाळी मामंजींनी सगळी गुंडाळी अंगणात पसरली, कोपऱ्यांवर तांबे ठेवले आणि आम्हा दोघींना हाक मारली.

"ह्ये बघा. गुरवारच्या पेपरात भाव जागचा हलत न्हाई. आनि शुक्रवारी बघा, टुणकन वर. दर खेपंला!"

"गुरवारी बाजाराला जात आसंल," सासूबाई म्हणाल्या.

ते दिवस कंपनीच्या भरभराटीचे होते, भाव रोज थोडा थोडा चढत होता. एका दिवसाची चढण मी गिळायची, ती दुसऱ्या दिवसाच्या चढणीत मिसळून बाहेर पडायची. मामंजींना वाटलं, बाजाराची मेख सापडली. पारावरच्या पेन्शनरांना त्यांनी ती दहादा समजावली. मग ठरवलं, वरच्या रानाच्या पाइपलाइनसाठी पोस्टात ठेवलेले सगळे पैसे काढायचे, भाव थांबला की शेअर घ्यायचे, दुसऱ्या दिवशी उडी मारली की विकायचे. सांगलीच्या दलालाकडे जायचं नक्की झालं. वाचायला मी बरोबर.

एसटीत गुंडाळी माझ्या मांडीवर होती आणि पैसे त्यांच्या आतल्या खिशात. सांगलीपर्यंत मी दहा वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं तर माझे गुरुवार गेले. नाही सांगितलं तर पाइपलाइन गेली. स्टँडवर उतरल्यावर त्यांनी न मागता मला भडंगाचा पुडा घेऊन दिला. "खा पोरी, सकाळपासनं पोटात काय न्हाई तुज्या," म्हणाले. मग मात्र मला राहवेना. सगळं सांगून टाकलं.

ते मटकन बाकावर बसले. "किती गुरवार?"

"दिवाळीपासनं सगळं."

"तोफंवर आसतीस तर आपलीच मानसं मारली आसतीस!" आवाज एवढा चढला की दोन बायका वळून बघायला लागल्या. मग हळू आवाजात, "कशापायी केलंस?"

मी आईचं सांगितलं. चारची गाडी, लसूण, लाडू, सगळं. पुडा माझ्या हातात तसाच होता. ते समोरच्या गाड्यांकडे बघत राहिले, त्यांना त्या कितपत दिसत होत्या कोण जाणे. मग पुड्यात हात घालून त्यांनी मूठभर भडंग घेतलं.

"डोळं दुसऱ्याच्या हाती दिल्यावर आसंच हुयाचं," ते म्हणाले. दलालाकडे न जाता आम्ही मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो.

पावसाळ्याआधी पाइपलाइन झाली आणि दिवाळीच्या आत त्यांचे दोन्ही डोळे. बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचा चष्मा आला. आता ते स्वतःच भाव वाचत, स्वतःच आकडा म्हणत आणि स्वतःच "बरोबर" म्हणत. त्या मधल्या काळात बाजाराला सासूबाई जात होत्या. मला कुणी नको म्हटलं नव्हतं, पण जायला तोंड नव्हतं.

चष्मा आल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी तीनच्या गाडीने पेपर आला. मी आत भांडी लावत होते. त्यांनी हाक मारली. बाहेर येऊन बघते तर त्यांनी गुंडाळी पुढ्यात घेतली होती, पेपर घडी न मोडता मांडीखाली सारला होता, आणि दुसऱ्या हातात माझी बाजाराची पिशवी होती.

"कालचाच हाय भाव," चष्म्यातून माझ्याकडे रोखून बघत ते म्हणाले आणि त्यांनी टिंब ठेवलं. "जा लौकर. आनि तुज्या आयला म्हनावं, लसूण आपल्या घरातबी हाय."