लढवय्यांच्या मुलखाचा नकाशा

मामांनी चाळीस वर्षं मोजणी खात्यात नकाशे रंगवले. उंच जागेला तपकिरी, त्याहून उंच जागेला आणखी गडद तपकिरी, हे त्यांच्या हाताला इतकं पाठ होतं की कुंचला डोक्याला विचारत नसे. निवृत्तीनंतर ते घरात इतके घुटमळायचे, की मामी दिवसातून तीनदा त्यांना कसल्या ना कसल्या निमित्तानं बाहेर पिटाळत. भाचीनं ती नोकरीला होती त्या कंपनीत त्यांना काम मिळवून दिलं तेव्हा मामांपेक्षा मामींनाच हायसं वाटलं.

कंपनी संगणकावरचे खेळ बनवायची. भाचीच्या खेळात लढवय्यांची एक जमात होती. त्यांची बोली, चिलखतं, लग्नाच्या रीती, सगळं तिनं दोन वर्षं खपून जुळवलं होतं. अडलं होतं ते त्यांच्या मुलखापाशी. कंपनीच्या मालकीणबाईंनी नकाशा दोनदा परत पाठवला होता. "हे लोक का लढतात, ते जमीन बघून कळलं पाहिजे. शुक्रवारी चार वाजता शेवटचं बघते. नाही पटलं तर जमातच काढून टाकू."

तिसऱ्या खेपेचा नकाशा मामांनी कागदावर रंगवून दिला; यंत्रानं त्यातल्या रंगांवरून जमीन उभी केली आणि बाकीच्यांनी तिच्यावर घरं बसवली. शुक्रवारी अडीच वाजता भाचीनं मामांना खुर्चीसकट आपल्या पडद्यासमोर ओढलं.

"मामा, डोंगर कुठायत?"

पडद्यावर डोंगर नव्हतेच. एक प्रचंड खोलगट जमीन होती आणि तिच्या उतारांवर तीनशे घरं.

"मी तर मधोमध काढलेत."

"यंत्राला पांढरं म्हणजे उंच आणि काळं म्हणजे खोल. तुम्ही शिखरं सगळ्यात गडद केलीत."

"आम्ही तशीच करतो."

"तुमच्या खात्यात हो."

"अगं, मग घरं बसवणाऱ्यांनी एकदा विचारायचं तरी."

"तुम्हाला कोण विचारणार? सगळे म्हणाले, मामांचं काम आहे, बरोबरच असेल."

 जमीन उलटी करणं क्षणाचं काम होतं, पण घरं आणि रस्ते पुन्हा बसवायला दोन दिवस लागले असते. हातात दीड तास होता.

"ऐका," भाची हळू आवाजात म्हणाली. "आपण हे मुद्दामच असं केलं, असं मी सांगते. तुम्ही फक्त मान हलवा."

"का केलं म्हणून विचारलं तर?"

"काहीतरी सुचेल."

 मामांनी आपला कागद पुढे ओढला आणि पेन्सिलीनं एकेक नदी गिरवायला घेतली. कुठलाही नकाशा हातात आला की पाणी कुठून कुठे जातं, हे ते आधी बघत. भाची घड्याळ बघत राहिली.

चार वाजता मालकीणबाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. भाचीनं तोंड उघडलं, पण मामाच आधी बोलले.

"ही माझी चूक आहे. मला डोंगर करायचे होते."

भाचीनं डोळे मिटले.

"म्हणजे हे चुकून झालंय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"हो. पण झाल्यावर मी इथलं पाणी बघितलं. आधी सात नद्या यांच्या डोंगरातून निघून बाहेर जात होत्या. आता सातही बाहेरून आत येतात. वर काठावर राहणाऱ्यांनी बांध घातला की यांच्या विहिरी आटतात. मधे तळं आहे, पण त्यातलं पाणी बाहेर जायला वाट नाही, म्हणून ते खारट. पिता येत नाही. डोंगरावर बसलेल्यांना मी कशाला लढायला लावत होतो, मलाच कळत नव्हतं. यांना लढावंच लागेल."

 मालकीणबाईंनी खेळातला एक शिपाई तळ्याकाठी उभा केला आणि वर चढवायला सुरुवात केली. अर्ध्या उतारावर तो घसरला. त्यांनी पुन्हा चढवला.  दुसऱ्यांदाही घसरला.  तिसऱ्यांदा मालकीणबाईंनी त्याला नदीच्या कडेकडेनं नेलं. तो खोलगट जमिनीच्या वरच्या काठावर पोचला, वळला, आणि खालची घरं मुठीएवढी दिसली.

"इतकं चढून आलेला माणूस पाणी घेतल्याशिवाय परत जायचा नाही," त्या म्हणाल्या. "राहू दे जमात. काठावरचे सात बांध मात्र सोमवारी दिसले पाहिजेत."

बाहेर आल्यावर भाची जिन्याच्या पायरीवरच बसली.

"मामा, तुम्ही बोलायला लागलात आणि मी तिथंच मेले."

"मीपण," मामा म्हणाले आणि गुडघे धरून तिच्या शेजारी बसले.