भाऊजींची नाडी

भीतीलाच औषध समजणारा माणूस अवघ्या दुनियेत एकच निपजला आणि तो नेमका माझ्या ताईचा नवरा निघाला! मेडशीजवळ भाऊजींचं वांगी-कोथिंबिरीचं शेत, जोडीला थोडं सोयाबीन आणि जुना दमा. जवळच्याच मालेगावच्या डॉक्टरांनी तोंडानं ओढायचा पंप दिला, तर तो ओढल्याबरोबर हे स्वतःची नाडी धरून बसणार. बोलताना नाडी, जेवताना नाडी. पुतण्याला हळद लावतानाही धरली, तर सगळी हळद घड्याळावर. मी शाळेत शिकवतो म्हणून मला म्हणायचे, "मास्तर, धडधड होऊन राह्यली, हात कापून राह्यले. हे दवा हाय का भूत?"

शेवटी मीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "काका, माणूस घाबरला की अंगात एक रस सुटतो. शरीरात त्याची कुलपं असतात, आम्ही त्यांना रिसेप्टर म्हणतो. या औषधाची किल्ली त्याच कुलपांना लागते. श्वासनळीतलं उघडलं की दम मोकळा होतो. पण थोडी किल्ली हृदयात आणि हातातही फिरते, म्हणून धडधड नि थरथर. पंप मात्र सोडू नका." इतकं सोपं सांगितलं आणि तिथेच घात झाला. भाऊजींनी पहिल्या वाक्याची तेवढी खूणगाठ बांधली. "म्हंजे घाबरलं का छाती आपोआप खुलते! मंग पंप कायले?"

झालं! माझ्या मोटरसायकलवर मागे बसून "पळवा, अजून पळवा" सुरू. मारका बैल दिसला की मुद्दाम त्याच्या पुढ्यातून जाणार. ताई मला म्हणायची, "बापू, याहिले समजाव ना रे." समजावून माझा घसा बसला, पालथ्या घड्यावर पाणी.

यंदा सोयाबीन थ्रेशरला लागलं, भुसा उडाला. मी ताईशी बोलत होतो, वळून पाहतो तर भाऊजी बिनकठड्याच्या विहिरीच्या अगदी काठावर, खाली डोकावत उभे. ओठ निळसर, छातीत शिट्टी. मी ओरडलो, "भाऊजी, मागे या!"

"थांबा मास्तर... भेव... येऊ द्या..."

वाक्य पुरं होईना. मी धावलो, कॉलर धरून मागे खेचलं. ताईनं पदराची गाठ सोडून पंप काढला. ती तो तिथेच बांधून फिरायची. भाऊजींनी एकदा ओढला, पुन्हा ओढला. बऱ्याच वेळानं शिट्टी बारीक झाली.

भाऊजींचा हात कापत होता. त्याच हातानं त्यांनी सवयीप्रमाणे नाडी धरली, पण माझी. ओठ हलवत मोजली.

"मास्तर, तुमी तं पंप ओढला नाई. मंग तुमची काहून येवढी धावून राह्यली?"

मला रडूच आलं. त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

आता पंप त्यांच्याच खिशात असतो. रोज सकाळी फोन येतो, "मास्तर, नाडी कशी हाय?" मी फोन कानाला घट्ट लावून आधी त्यांचा श्वास ऐकतो आणि मग सांगतो, बरी आहे.