थोरल्याचं वय

सोलापुरात त्या काळी शाळाशाळांच्या फुटबॉलच्या टीम उंचीवर ठरत. वर्गाच्या चौकटीला खडूची खूण केलेली असे. खुणेच्या खाली डोकं राहिलं तर लहान, वर गेलं तर मोठा, झाला निकाल. मी शाळेत ड्रिल मास्तर होतो आणि माझं डोकं लवकर तापायचं. या खुणेवरून मी हेडमास्तरांशी चांगला कडाकडा भांडलो होतो. पोरगं म्हणजे काय चौकटीत बसवायचं दार आहे? शेवटी ते वैतागून म्हणाले, "सामन्यांना उंचीनंच न्यावं लागेल. सराव तुम्ही हवा तसा घ्या." तेवढं मी पदरात पाडून घेतलं आणि सरावाला वयानं घोळके पाडले.

मला हे पुस्तकानं शिकवलं नव्हतं, पोरांनीच शिकवलं. नऊ-दहाची पोरं म्हणजे गुळाला मुंग्या. चेंडू जिथं, तिथं सगळी. त्यांना जागा सांभाळायला सांगणं म्हणजे आपलाच घसा फोडून घेणं. त्यांना नुसतं पळू द्यावं, हरली तर पुन्हा डाव मांडावा. बारा-तेराव्या वर्षी मुलाला शेजारचा गडी दिसायला लागतो, तेव्हा कुठं पास शिकवण्यात अर्थ. आणि पंधराव्याला लाज कळते. त्या वयाच्या मुलाला चारचौघांत बोललात, की तो आठवडाभर तोंड दाखवत नाही. त्याला बाजूला घ्यावं आणि हळू सांगावं.

अडचण एकच होती, वय सांगणार कोण? जन्मतारखा कुणाच्या घरी माहीत नसत. मी आयांना विचारत असे. कुणी प्लेगचं वर्ष सांगे, कुणी दुष्काळाचं, कुणी मानमोडीचं, म्हणजे त्या इन्फ्लुएंझाच्या साथीचं. त्यावरून मी हिशेब बांधायचो. आईचा हिशेब चुकत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

तीस सालचा मार्शल लॉ उठून महिनाभर झाला असेल. एक उंच, हडकुळा मुलगा शाळेत आला. घरची माणसं मोडनिंबकडची, शेती सोडून गिरणीत कामाला आलेली. आई म्हणाली, "मानमोडीच्या तीन वर्सं आदीचा हाय. पंधरावं सरत आलं की." उंचीही तशीच होती. मी त्याला मोठ्यांत घातलं.

तिथं त्याचं काही जमेना. तो चेंडूमागे सैरावैरा पळे. खेळ रंगात आला असताना वर बघून घारी मोजत बसे. मोठी मुलं त्याला ताडमाड म्हणून चिडवत. धक्का लागून पडला की मैदानाच्या मधोमध बसून भोकाड पसरी. पंधराचा मुलगाही रडतो, पण भिंतीमागे जाऊन. मला कोडं पडलं. मग एकदा खेळ सोडून तो धावत माझ्याकडे आला, तोंडात रक्त, चेहरा आनंदानं फुललेला, आणि तळहातावर एक इवलीशी दाढ. "मास्तर, पडली! लई दिस हालत हुती!"

दुधाची दाढ होती ती. माझ्या घरातही दाढा पडायच्या वयाची मुलं होती, त्यामुळे मला ती ओळखायला वेळ लागला नाही. मी त्याला विचारलं, "बाळा, तुला कितवं वर्ष?"

"घरी पंदरावं."

"म्हणजे?"

त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खरं अकरावं. पर आयेला म्हनू नगा."

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. आई चुलीपाशी होती. वयाचा विषय काढताच बाप मला बाहेर घेऊन आला. "मास्तर, ह्यो दुसरा," तो म्हणाला. "पयला मानमोडीत गेला. वर्साच्या आत ह्यो झाला. तिनं त्येचंच नाव ह्येला दिलं. तसं लई घरांत देत्यात. पर तिनं वर्संबी पयल्याचीच पुढं मोजाय घेतली. म्या एकदा समजवाय गेलो, तर तिनं अन्न टाकलं. मंग म्याबी गप बसलो." आतून ती हाक मारत होती, मास्तरांना चहा घेतल्याशिवाय सोडू नका म्हणून.

मी मनाशी ठरवलं, तिला काही बोलायचं नाही, पण मुलाला त्याच्या वयात न्यायचं. दुसऱ्या दिवसापासून तो लहानांत खेळू लागला. काय खुलला तो! त्या मुंग्यांच्या घोळक्यातली सगळ्यात उंच मुंगी. गोल कुणीही करो, हा मातीत लोळून घेई. दोन पोरांच्या गळ्यात हात टाकून मैदानभर हिंडे. शिट्टी झाली तरी घरी जायचं नाव नाही. पोर पहिल्यांदा आपल्या माणसांत आल्यासारखं दिसत होतं, आणि मीही खूश होतो.

एके सकाळी त्याची आई गिरणीकडं जाता जाता मैदानाच्या कडेला थांबली. भोंगा व्हायचा होता. तिनं आधी लहानांकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं आली.

"मास्तर, ह्यो बारक्यांत कसा?"

"खेळू दे की बाई, त्याला तिथं बरं वाटतंय."

ती मोठ्यांच्या घोळक्याकडं वळली. त्या एकेका मुलाच्या तोंडाकडं ती बघत होती, सावकाश, जत्रेत हरवलेलं पोर शोधावं तशी.

"मंग माजा थोरला कुटं हाय ह्यात?"



मुलानं ते ऐकलं होतं. त्यानं पायातला चेंडू सोडला, अंगावरची माती झटकली आणि चालत तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "आये, मी हितं हाय की," तो म्हणाला. "मास्तरांनी बारक्यांना शिकवाय धाडलं हुतं मला." तो लहानांमधून बाहेर पडला आणि मोठ्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी जाऊन उभा राहिला, छाती काढून.

तिचा चेहरा निवळला. डोळे पुसून ती हसली, त्याला लांबूनच हात केला आणि लगबगीनं गिरणीच्या वाटेला लागली.

ती वळणाआड जाईपर्यंत मी थांबलो. मग त्याच्याजवळ गेलो आणि म्हटलं, "गेली ती. जा बाळा, जा तुझ्या पोरांत." पलीकडून लहान मुलं त्याला ओरडून बोलावत होती. त्यानं तिकडं मान वळवली नाही.

"नगं मास्तर," तो म्हणाला. "उद्याबी ती ह्याच वाटंनं जानार की."