चार बोटं डावीकडे

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर मी दादरजवळच्या एका रायफल क्लबात रेंजचं काम पाहतो. काम साधं आहे. लाल झेंडा वर करायचा, लोकांना रेषेमागे ठेवायचं, आणि कुणी भरलेली बंदूक हातात घेऊन गप्पा मारायला वळला तर त्याच्यावर ओरडायचं. शेवटचं काम मला चांगलं जमतं.

गेल्या महिन्यात क्लबात नवीकोरी ठासणीची रायफल आली. आमचे जुने सभासद डॉ. बर्वे यांनी ती हौसेनं मागवली, पण वापरायला सगळ्यांना खुली ठेवली. हिला मॅगझिन नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, कापडाच्या चकतीत धरलेली शिशाची गोळी गजाने तळापर्यंत ठासायची, घोड्याखाली ठिणगी पाडणारी छोटी टोपी बसवायची, मग बार. त्यानंतर नळी पुसायची, नाहीतर काजळीनं पुढची गोळी भरकटते. दोन बारांच्या मधे फौजेतला माणूस आरामात चहा पिऊन येईल.

डॉक्टरांनी पाच बार काढले. पाचही गोळ्या एका छोट्या पुरीएवढ्या जागेत बसल्या, पण मधल्या ठिपक्यापासून चार बोटं डावीकडे. डॉक्टर तरीही खूश.

"झालं की! आता थोडं उजवीकडे धरून मारायचं."

नेमाची साईट ठोकून सरकवायला मी पितळी सळई आणि हातोडी काढली. "डॉक्टर, तुम्हाला ठाऊक आहे ही डावीकडे जाते. उद्या दुसरा कुणी उचलेल, त्याला कोण सांगणार?"

हे वाक्य माझं नाही. ते नाईक सदानंद गावकरचं आहे.

सदा लालबागचा, मी गिरगावचा. त्याचे वडील गिरणीत, माझे कचेरीत. तो मला 'बाबूसाहेब' म्हणायचा आणि मी त्याच्या लालबागच्या आवाजावरून त्याला 'भोंगा'. एकाच सेक्शनमध्ये आम्ही दोघंच मुंबईचे, त्यामुळे भांडायलाही दुसरं कुणी नव्हतं. मी लान्स नाईक होतो. तो सेक्शनचा टू-आय-सी, म्हणजे कमांडरच्या हाताखालचा पहिला माणूस.

सीमेवरच्या पोस्टवर चढायच्या आदल्या दिवशी आम्हाला नव्या रायफली मिळाल्या. नवी रायफल कितीही चांगली असो, आधी तिचं झिरोइंग करावं लागतं. पाच गोळ्या मारायच्या, कुठे बसतात ते पाहायचं, आणि जिथे नेम तिथे गोळी जाईपर्यंत साईट सरकवायची. संध्याकाळ होत आली होती. माझी रायफल पहिल्याच फेरीत ठीक निघाली. सदाची चार बोटं डावीकडे मारत होती. तेही पंचवीस मीटरवर. शंभर मीटरवर तोच फरक वीतभराहून जास्त होतो.

खाली गाड्या सुरू झाल्या. थंडीनं बोटं आखडली होती. मी वैतागलो.

"अरे भोंग्या, कळलं ना डावीकडे जाते? उजवीकडे धर नि मार. चल आता."

"मला कळलं रे. उद्या दुसरा कुणी उचलेल, त्याला कोण सांगणार?"

सुभेदारसाहेब ओरडले, "गावकर! गाड़ी खड़ी है!"

"साहब, पाँच राउंड और."

सदा खाली बसला आणि नळीच्या टोकावरची फोरसाईट सरकवू लागला. गोळी डावीकडे जात असेल तर फोरसाईटही डावीकडेच ढकलायची. उलटं वाटतं, पण तसंच आहे. पहिल्यांदा थोडं जास्त झालं. त्यानं परत सरकवली, परत मारलं. सगळी कंपनी गाडीत बसून त्याच्या नावानं बोटं मोडत होती. त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

पोस्टवर पहिले काही आठवडे शांत गेले. मग एका पहाटे, धुकं उतरत असताना, घुसखोरांनी पोस्टवर हल्ला केला. डावीकडच्या बंकरमध्ये सदा आणि मी. आमच्या मागच्या खंदकात हल्ल्याच्या सुरुवातीलाच जखमी झालेले तीन जवान होते. आमचा बंकर पडला असता तर त्या तिघांना वाचवणारं मधे कुणीच नव्हतं.

आमच्या बंकरवरच्या पहिल्याच स्फोटात सदाच्या पोटात कपची घुसली. दुसऱ्या स्फोटानं माझ्या रायफलीचा बोल्ट जाम झाला. मी रेडिओ उचलला.

"लेफ्ट बंकर. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"लेफ्ट बंकर, होल्ड करो. मदद निकल चुकी है. ओव्हर."

सदानं आपली रायफल माझ्याकडे सरकवली. सत्तर-ऐंशी मीटरवर खडकाआडून एक जण हात मागे नेऊन ग्रेनेड टाकायच्या बेतात होता. डोकं आणि एक खांदा, एवढाच दिसत होता. मी उजवीकडे धरलं नाही, डावीकडे धरलं नाही. सरळ त्याच्यावर नेम धरला आणि चाप ओढला. तो पडला. त्याच्यामागचा उठला, तोही पडला. बाकीचे मागे सरले, आणि तेवढ्यात आमची तुकडी पोचली.

हेलिकॉप्टरची वाट पाहताना सदाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यानं विचारलं, "सरळ जाते ना?"

"सरळ जाते रे."

हेलिकॉप्टर यायच्या आधी तो गेला. ते तीन जवान आज आपापल्या घरी नातवंडांत आहेत. मीही आहे. देवाचे आभार मी रोज मानतो, पण सदाचे आधी.

डॉ. बर्व्यांची रायफल सरळ झाली त्या संध्याकाळी मी लालबागला सदाच्या घरी गेलो. जाणं नेहमीचंच. त्याची बायको सुनीतावहिनी तिथेच राहतात. सदाच्या फोटोखालच्या पलंगावर बसून त्या मटार सोलत होत्या. मी क्लबातली गंमत सांगितली, आणि सदाचं ते वाक्यही. इतक्या वर्षांत ते त्यांना सांगायचं राहूनच गेलं होतं.

वहिनी हसल्या. "भावोजी, घरीपण तेच. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत मला गॅसचा सिलिंडर बदलायला लावला. मग फ्यूज बसवायला शिकवलं. मग बँकेत नेऊन उभं केलं, म्हणाले, तूच बोल साहेबाशी. मी काय चिडायचे! म्हणायचे, अहो, चार दिवस आलात, तर गप बसा ना जरा."

त्यांनी सोललेले मटार ताटात सारखे केले.

"ते गेले ना, तेव्हा मला कुणाच्या दारात जाऊन काही विचारावं लागलं नाही."

मी वर फोटोकडे पाहिलं आणि मनातल्या मनात त्याला सांगितलं, सरळ जाते रे सदा, अजून सरळ जाते.