मांडवाचा बांबू

ओल्या बांबूचा हिरवट वास आला की मला जानेफळचं आमचं अंगण आठवतं. त्या वर्षी बीटी कपाशीलाही बोंडअळी लागली आणि बाबांनी ठरवलं, निदान पोरीचं लग्न तरी उरकून टाकू. मला न विचारता मांडवाचे बांबू अंगणात येऊन पडले. शाळेतला बांबूउडीचा जुना, वाळका बांबू माझ्या हातातच फुटून तळहात फाटला होता, म्हणून मी या नव्यातला सरळ बांबू निवडला, दोन दगडांवर आडवा ठेवला आणि त्यावर उभी राहिले. तो वाकला, पण तडकला नाही. बाबा ओरडले, "अवं, मांडवाचा बांबू हाय तो! मोडला तं पोटात घुसन!" मी म्हटलं, "पाह्यला म्या, नाही मोडत. लग्नाचं मले काऊन नाही इचारलं, ते सांगा." आणि बांबू घेऊन धावत जाऊन, कपडे वाळवायच्या दोरीवरून उडून, सोयाबीनच्या कुटाराच्या, त्या मऊ भुशाच्या ढिगात पडले. अंगावरचं कुटार झटकून पुन्हा बांबू उचलला. बाबांनी दोरीजवळ जाऊन तिची उंची हाताने मोजून पाहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बांबू परत पाठवले, एक सोडून. आता मी मुलींना फायबरचा पोल धरायला शिकवते. तुमचा पहिला पोल कुठला, असं त्या विचारतात. मी सांगते, माझ्याच लग्नाच्या मांडवातला, मांडव उभा राहायच्या आधी काढून घेतलेला.