थंड साच्यातली गोळी

किनवटच्या जंगलाला लागून आमचं शेत. रानडुकरं हाकलायला घरात परवान्याची ठासणीची बंदूक होती. तिच्या गोळ्या आम्ही नवरा-बायको चुलीवर शिसं वितळवून पाडायचो. सांडशीसारखा लोखंडी साचा मी धरायची, शिसं मालक ओतायचे. साचा थंड असला की पहिल्या गोळीला सुरकुत्या पडतात. मालक ती उचलून परत वितळायला टाकायचे आणि म्हणायचे, "पहिली लई रुसती. आता दुसरी बघ." दुसरी गुळगुळीत निघायची.

यंदा मालक गेले. परवाना त्यांच्या नावाचा, म्हणून बंदूक ठाण्यात जमा झाली. साचा कुणी मागितला नाही. तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि डुकरांनी ज्वारी आडवी केली. दीर म्हणाले, "वहिनी, तो साचा भंगारात देऊन टाका." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, माझ्या घरातलं काय टाकायचं ते मी बघते. ते गेल्यावर चूल पेटवली, एका हातानं साचा धरला, दुसऱ्या हातानं शिसं ओतलं. गोळी सुरकुतलेलीच निघाली.

ती अजून कोनाड्यात आहे. दुसरी मी पाडलीच नाही. ती गुळगुळीत निघाली असती, आणि "बघ" म्हणणारं कुणी नव्हतं.