तळापासून मोजलेले थर

आमच्या वन्संनी, म्हणजे माझ्या नणंदेने, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी विद्यापीठात नाव घातलं. तेही प्राचीन इतिहास आणि फ्रेंच असे दोन विषय एकत्र घेऊन. ह्यांनी कपाळाला हात लावला. "एक विषय कमी पडत होता का गं, डोकं खायला?"

"खापरं माझ्याकडे आहेत दादा, आणि त्यांची हकिकत फ्रेंचमध्ये," वन्सं म्हणाल्या. "कुणीतरी वाचायला नको?"

वन्सं संग्रहालयाच्या कोठारात कामाला. फार वर्षांपूर्वी एका फ्रेंच संशोधकाने खणून काढलेली हजारो खापरं तिथे पिशव्यांत पडून होती. पिशवीवर फक्त थराचा आकडा. खापर कोरड्या ब्रशने पुसायचं, आतल्या बाजूला रोगणाची बारीक पट्टी ओढायची, ती वाळली की पिशवीवरचा आकडा बघून शाईने अक्षर घालायचं: 'ज' म्हणजे जुन्या काळचं, 'न' म्हणजे नंतरचं. हे त्यांना तेव्हा कोठार सांभाळणाऱ्या कोठारकाकांनी शिकवलं. वडील गेल्यावर बाविसाव्या वर्षी नोकरीला लागलेल्या मुलीला त्या माणसाने हाताला धरून उभं केलं. निवृत्त झाल्यावरही ते दर सोमवारी येऊन अक्षर घातलेल्या खापरांची तबकं बघून जायचे, आणि "अक्षर माझ्यापेक्षा चांगलं काढतेस, लबाड!" असं म्हटल्याशिवाय उठायचे नाहीत.

अभ्यासाचे हाल झालेच. दोन्ही विभागांचे तास एकाच वेळी लागायचे, कारण दोन्ही विषय घेणाऱ्या ह्या एकट्याच. "दोन सासरं आहेत मला, वहिनी," वन्सं हसायच्या. "प्रत्येकाला वाटतं, मी दुसरीकडे माहेरपण करतेय." भाजी निवडता निवडता क्रियापदं घोकायच्या. मला त्यातलं एक अक्षर कळत नसे, पण पोथी ऐकावी तशी मी ऐकत बसे.

शेवटच्या वर्षी प्रबंधासाठी त्यांनी त्या संशोधकाच्या वह्या घेतल्या. तिसऱ्याच दिवशी दुपारी चपला न काढताच स्वयंपाकघरात येऊन बसल्या. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं. मग त्यांनी फडताळातली पाच ताटं काढून एकावर एक रचली.

"काकांनी वरून मोजलं. हे वरचं ताट पहिला थर, म्हणजे सगळ्यांत नवा. सगळेजण तसंच मोजतात. ह्या फ्रेंच माणसाने मात्र खालून मोजलंय. पहिल्याच पानावर लिहिलंय."

"मग?"

"मग जिथे 'ज' हवा तिथे 'न' आहे आणि 'न' हवा तिथे 'ज', वहिनी. अकरा हजार खापरांवर. निम्मी माझ्या हातची, निम्मी काकांची."

काका तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे, छातीने अधू. मी सकाळी जप करताना एकच मागितलं, हे त्यांच्या कानावर जाऊ नये. वन्संनाही म्हटलं, "आता दुसरा विषय घ्या. हे काकांच्या मागे लिहा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मी त्यांच्या जाण्याची वाट बघत बसू?"

मला माझीच लाज वाटली.

रविवारी आम्ही दोघी काकांकडे गेलो. खिडकीपाशी खुर्चीत बसून ते चष्मा पुसत होते. वन्संनी वहीच्या पानाची नक्कल त्यांच्या मांडीवर ठेवली आणि एकेका ओळीवर बोट ठेवून अर्थ सांगितला. काका पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसत राहिले.

"पहिल्याच पानावर?"

"हो, काका."

"मी नुसते आकडे वाचत गेलो गं. म्हटलं, आकड्यांना कुठली आलीय भाषा." मग चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "लिही. माझं नाव घालून लिही. नाहीतर लोक म्हणतील, पोरीने चूक केली."

"आणि उद्या सोमवार आहे, काका. याल ना?"

"आता येऊन काय बघू?"

त्यांनी कागदाची नीट घडी घालून तो परत केला. आम्ही निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले नाहीत.

पुढचे सगळे सोमवार वन्संनी त्यांची खुर्ची पुसून ठेवली. त्या घरी भेटायला जायच्या, तेव्हा काका हवापाण्याचं बोलायचे, खापरांचं नाही. प्रबंध लिहून झाला तो वाचून दाखवू का, असं विचारलं तर म्हणाले, "राहू दे, दमलोय." चार महिन्यांनी ते गेले. निकाल त्यानंतर नवव्या दिवशी लागला. पहिला वर्ग. ह्यांनी बहिणीच्या पाठीवर हात ठेवला, तशा त्या ओक्साबोक्शी रडल्या. आनंदाचं रडणं नव्हतं ते.

संग्रहालयाने दुरुस्तीचं काम त्यांच्याकडेच दिलं. जुनं अक्षर पुसायचं नाही असा तिथला नियम आहे. त्यावर एक बारीक रेघ ओढून शेजारी खरं अक्षर लिहायचं. गेलं वर्षभर वन्सं आधी स्वतःच्या हातची तबकं घेत होत्या.

परवा मी विचारलं, "अजून किती राहिलं?"

"माझी संपली," त्या म्हणाल्या. "उद्यापासून त्यांची."

मी देवाचं नाव घेतलं आणि त्यांचा डबा भरायला घेतला.